पेगन धर्मांविषयी शिकवताना: धार्मिक सहिष्णुतेसाठी तीन सत्रांचा आराखडा

ख्रिस्तपूर्व युरोपातल्या देवदेवता आणि रिवाज यांच्यापासून प्रेरणा घेणाऱ्या आजच्या धर्मांना पेगन म्हणतात. पेगन म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दोनच चित्रं उभी राहतात. एक तर काळे झगे, सुरी आणि शाप. नाहीतर डोक्यावर फुलांचे मुकुट घालून रानात नाचणारी निरुपद्रवी मंडळी. सहिष्णुतेच्या नावाने होणारे बरेच कार्यक्रम पहिलं चित्र उतरवून दुसरं टांगतात आणि मोकळे होतात. त्यातून फारसं काही साधत नाही. असं गोड चित्र पाहून गेलेल्या माणसाची पुढे खऱ्याखुऱ्या पेगन माणसाशी गाठ पडते, तो भलताच निघतो, आणि मग आपल्याला बनवलं गेलं असं त्याला वाटतं. म्हणून इथे भर आवड निर्माण करण्यावर नाही, अचूकपणावर आहे. सहभागी माणसाने एखाद्या पेगन परंपरेचं वर्णन केलं आणि त्या परंपरेतला माणूस म्हणाला, "बरोबर, आम्ही असेच आहोत," की काम झालं. ती परंपरा त्याला पटावी ही अपेक्षा मुळीच नाही.

आराखडा सोळा वर्षांवरच्या गटांसाठी आहे: वरच्या वर्गातले विद्यार्थी, वाचनालयात येणारे लोक, रुग्णालय किंवा कार्यालयातले कर्मचारी. गट २० ते २५ जणांचा, सत्रं तीन, प्रत्येकी ९० मिनिटांची, मध्ये एकेक आठवड्याचं अंतर. एकच सत्र मिळणार असेल तर दुसऱ्या सत्रातले पेगन पाहुणे वगळा, पण तिसऱ्या सत्रातला प्रसंगांचा सराव वगळू नका. माहिती नंतर वाचूनही मिळते, निर्णय घेण्याचा सराव वाचून होत नाही.

तारीख निवडताना ऑक्टोबरचा शेवट टाळा. हॅलोवीनच्या आसपास सगळ्यांना हा विषय आठवतो खरा, पण त्या आठवड्यात तो विषय न राहता करमणूक होतो. शिवाय ज्या पाहुण्यांना बोलवायचं ते स्वतःच्या सणात गुंतलेले असतात.

सहा आठवडे आधी: शिकवणाऱ्याची तयारी

आधुनिक पेगन हा एक धर्म नाही, अनेक धर्मांचं छत्र आहे. शिकवणाऱ्याला त्यातल्या किमान चार परंपरा एकमेकींपासून वेगळ्या काढून सांगता आल्या पाहिजेत.

विक्का ब्रिटनमध्ये विसाव्या शतकात आकाराला आला. १७३५ चा चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि त्यानंतर जेराल्ड गार्डनर यांनी विक्का उघडपणे लोकांपुढे मांडला. त्याच्या विधींना शब्दरूप देण्यात डोरीन व्हॅलिएंटे यांचा मोठा वाटा आहे. देवी आणि देव अशी जोडी, दीक्षा, वर्तुळात होणारे विधी ही त्याची ठळक लक्षणं. मात्र एकट्याने साधना करणारे, दीक्षा न घेतलेले विक्कनही पुष्कळ आहेत. ड्रुइड म्हणजे प्राचीन केल्ट समाजातले पुरोहित. आधुनिक ड्रुइड परंपरेची मुळं मात्र अठराव्या शतकातल्या ब्रिटिश ड्रुइड मंडळांपर्यंत जातात. 'ऑर्डर ऑफ बार्ड्स, ओव्हेट्स अँड ड्रुइड्स' ही तिची मोठी संघटना १९६४ ची. हीदन किंवा आसाट्रू मंडळी ओडिन, थॉर, फ्रेया अशा उत्तर युरोपीय (नॉर्स) देवदेवतांना मानतात. आइसलँडमधली त्यांची संघटना १९७२ मध्ये स्थापन झाली आणि १९७३ मध्ये तिला सरकारी मान्यता मिळाली. चौथी म्हणून लिथुएनियातली रोमुवा ही बाल्टिक परंपरा घ्या. सगळी उदाहरणं इंग्रजी भाषक देशांतली झाली की विषय एकांगी होतो.

आता इतिहास. बहुतेक शिकवणारे घसरतात ते इथेच, आणि तेही सहानुभूतीपोटी. विक्का हा ख्रिस्तपूर्व काळापासून लपूनछपून अखंड चालत आलेला धर्म आहे, हा समज मार्गारेट मरे या अभ्यासिकेच्या १९२१ च्या मांडणीने पसरला. रोनाल्ड हटन यांच्यासारख्या इतिहासकारांच्या कामानंतर तो टिकलेला नाही, आणि जाणकार पेगनही आज तो धरून बसत नाहीत. 'नव्वद लाख चेटकिणी जाळल्या' हा आकडाही असाच. युरोपातल्या खटल्यांत मृत्युदंड झालेल्यांचा अंदाज इतिहासकार ४० ते ६० हजार असा देतात, आणि त्यांत पुरुषही होते. इंग्लंडमध्ये अशा आरोपींना फाशी देत. अमेरिकेतल्या सेलममध्ये १६९२ साली १९ जणांना फाशी झाली, एकाला दगडांखाली चिरडून मारलं. जाळलं कुणालाच नाही. खरे आकडे पुरेसे भयंकर आहेत, ते फुगवायची गरज नाही. फुगवलेला आकडा गटातल्या एकाने जरी फोनवर तपासला तरी उरलेल्या दोन सत्रांत तुमच्या कुठल्याच वाक्याला वजन राहत नाही.

संख्या विचारली जातेच. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे ७४ हजार लोकांनी 'पेगन' आणि सुमारे १३ हजारांनी 'विक्का' असं लिहिलं. धर्माचा प्रश्न ऐच्छिक होता आणि ही नावं स्वतः लिहून द्यायची होती, हेही त्याच दमात सांगा.

उच्चार आधीच पक्के करा. ३१ ऑक्टोबरच्या 'Samhain' या पेगन सणाचा उच्चार 'साउइन'च्या जवळ जातो. स्पेलिंग वाचून 'सॅमहेन' म्हटलंत तर पाहुण्यांपुढे पहिल्याच मिनिटाला पंचाईत होते.

तीन आठवडे आधी: पत्र आणि परवानगी

पालकांना किंवा कर्मचाऱ्यांना एका पानाचं पत्र द्या. त्यात चार गोष्टी हव्यात: काय शिकवणार, काय करणार नाही, साहित्य कुठे पाहता येईल, शंका कुणाकडे न्यायच्या. 'काय करणार नाही' हा भाग गुळमुळीत ठेवू नका. विधी होणार नाही, मंत्र म्हणवून घेतले जाणार नाहीत, डोळे मिटून ध्यान करायला सांगितलं जाणार नाही, कुणाला स्वतःची श्रद्धा सांगावी लागणार नाही, असं स्पष्ट लिहा. ध्यानाची बंदी अनेकांना जाचक वाटते, पण 'नुसतं शांत बसू या' हेच काही परंपरांच्या विधीचं पहिलं पाऊल असतं. धर्माविषयी शिकवणं आणि धर्म शिकवणं यांतली रेघ तिथे पुसली जाते.

ही रेघ कायद्यानेही आखलेली आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये अ‍ॅबिंग्टन विरुद्ध शेम्प खटल्यात सरकारी शाळांतलं भक्तिपर बायबलवाचन घटनाबाह्य ठरवलं, पण धर्मांचा वस्तुनिष्ठ अभ्यास चालेल असं म्हटलं. युरोपात, शाळेत धर्मांविषयी कसं शिकवावं हे सांगणारी २००७ ची टोलेडो मार्गदर्शक तत्त्वं याच दिशेची आहेत. इंग्लंडमध्ये पालकांना मुलाला धर्मशिक्षणाच्या तासाला न बसवण्याचा हक्क आहे. आपल्या संस्थेला कोणता नियम लागू होतो ते बघून त्याचा उल्लेख पत्रात करा.

स्लाइड लिहिताना क्रियापदांवर नजर ठेवा. 'देवी निसर्गात वास करते' हे प्रवचन झालं. 'अनेक विक्कन देवी निसर्गात वास करते असं मानतात' ही माहिती झाली. 'विक्कनांचा असा भ्रम आहे' हा टोमणा झाला. पूर्ण मजकूर तिसऱ्या माणसाकडून एकदा या तीनच खुणांसाठी तपासून घ्या.

पहिलं सत्र: नकाशा

पहिली दहा मिनिटं प्रश्नावलीला. नाव नको, प्रत्येकाने स्वतःच निवडलेली चार अंकी खूण कोपऱ्यात टाकायची. आठ विधानं, आणि प्रत्येकापुढे 'बरोबर', 'चूक', 'माहीत नाही':

१. सगळे पेगन जादू करतात.
२. विक्कामध्ये सैतानाची पूजा होते.
३. विक्का अश्मयुगापासून अखंड चालत आला आहे.
४. युरोपात नव्वद लाख चेटकिणींना जाळलं गेलं.
५. स्टोनहेंज ड्रुइडांनी बांधलं.
६. देव ही खरी व्यक्तिमत्त्वं की रूपकं, यावर पेगनांमध्ये एकमत नाही.
७. आइसलँडमध्ये नॉर्स देवांना मानणाऱ्या संघटनेला सरकारी मान्यता आहे.
८. सर्व पेगनांचा एक सामाईक धर्मग्रंथ आहे.

सहावं आणि सातवं बरोबर, बाकीची चूक. यांतली काही विधानं पेगनांची बदनामी करणारी आहेत, तर तिसरं आणि चौथं त्यांच्या बाजूने झुकणारी. हे मुद्दाम केलेलं आहे. फक्त बदनामीच दुरुस्त करणारी प्रश्नावली प्रचारकी वाटते. उत्तरं लगेच सांगू नका, कागद गोळा करून ठेवा.

पुढची तीस मिनिटं चार परंपरांची ओळख, प्रत्येकी सात-आठ मिनिटं. कधी आणि कुठे सुरू झाली, कुणाला पूज्य मानते, लोक एकत्र येऊन काय करतात, आतले वाद कोणते: या क्रमाने. शेवटचा मुद्दा वेळेअभावी गाळायचा मोह होतो. तो गाळू नका. ज्या समाजात वाद दिसत नाहीत तो ऐकणाऱ्याला खरा वाटत नाही.

मग वीस मिनिटं 'काही, बरेच, सगळे' हा सराव. जोड्या करा, प्रत्येक जोडीला बारा वाक्यांचा कागद द्या आणि प्रत्येक वाक्य खरं ठरेल असं बदलून लिहायला सांगा. 'पेगन निसर्गाची पूजा करतात' याचं 'बऱ्याच पेगनांना निसर्ग पवित्र वाटतो. काही हीदनांच्या लेखी मात्र देव आणि पूर्वज आधी' असं काहीतरी व्हायला हवं. 'कुणाला इजा न करता हवं ते करा हा पेगनांचा नियम आहे' हे वाक्य जवळपास प्रत्येक जोडी तसंच सोडून देते. ते वचन विक्काचं आहे. हीदन मंडळींना ते लागू नाही आणि त्यांच्यावर लादलेलं अनेकांना आवडतही नाही. संपूर्ण आराखड्यातला सर्वांत उपयोगी भाग विचाराल तर हाच. 'हे लोक असेच असतात' असं म्हणण्याची सवय इथे मोडते, आणि ती एका धर्मापुरती मोडत नाही.

त्यानंतर वीस मिनिटं वर्षचक्र. फळ्यावर वर्तुळ काढून आठ भाग करा: दोन अयनबिंदू, दोन संपातबिंदू आणि त्यांच्या मधले चार सण, म्हणजे साउइन (३१ ऑक्टोबर), इम्बोल्क (१-२ फेब्रुवारी), बेल्टेन (१ मे) आणि लुनासा (१ ऑगस्ट). मग विचारा: ऑस्ट्रेलियातला विक्कन साउइन कधी पाळेल? तिथे ऋतू उलटे, म्हणून अनेक जण ३० एप्रिल-१ मेच्या सुमारास पाळतात. या एका प्रश्नाने सण तारखेला नाही, ऋतूला बांधलेला आहे हे न सांगता कळतं. आठही सण सगळे पेगन पाळत नाहीत आणि आठांचं हे चक्र विसाव्या शतकात जुळलेलं आहे, हे सांगून वर्तुळ पुसा.

शेवटची दहा मिनिटं चिठ्ठ्यांना. ज्याला जे विचारायचं ते निनावी लिहावं, कितीही आगाऊ वाटलं तरी.

दुसरं सत्र: वस्तू आणि माणसं

टेबलावर सहा-सात वस्तू मांडा: पेला, पाण्याची आणि मिठाची वाटी, मेणबत्ती, पाच टोकांचा तारा कोरलेली तबकडी, थॉरच्या हातोड्याचं लॉकेट, पिण्यासाठीचं शिंग, आणि अथामे ही विक्कनांची काळ्या मुठीची सुरी. ही मांडणी वेदीसारखी दिसता कामा नये. प्रत्येक वस्तूखाली साध्या कागदावर नाव आणि परंपरा लिहा, मेणबत्ती पेटवू नका, शिंग रिकामं ठेवा. खरी सुरी आणू नका. बहुतेक संस्थांत ती नियमातच बसत नाही. लाकडी प्रतिकृती किंवा छायाचित्र पुरे.

सुरी पहिल्यांदा उचलू नका. ती आधी दिसली की पुढची पाच मिनिटं कुणाचं लक्ष दुसरीकडे जात नाही. पेला आणि मीठ-पाणी झाल्यावर, तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाला ती घ्या आणि थेट सांगा: गार्डनेरियन विक्कामध्ये तिने सहसा काही कापत नाहीत, विधीचं वर्तुळ हवेत आखतात. मग शिंग घ्या. हीदनांच्या सुंबेल नावाच्या बैठकीत मीड (मधाची दारू) किंवा दुसरं पेय भरलेलं शिंग हातोहात फिरतं. बऱ्याच गटांत तीन फेऱ्या होतात: पहिली देवांच्या नावाने, दुसरी पूर्वजांच्या, तिसरी आपण केलेल्या किंवा करू म्हणतो त्या गोष्टीची. चारचौघांत शिंग हातात घेऊन दिलेला शब्द मोडणं लाजिरवाणं मानतात, म्हणून तिसऱ्या फेरीत माणसं जपून बोलतात. एवढं सांगितलं की रिकाम्या शिंगाकडे बघण्याची नजर बदलते. ते फिरवून दाखवू मात्र नका.

पाहुणे दोन हवेत, आणि दोन वेगळ्या परंपरांतले. एकच पाहुणा आला की तो जे बोलेल ते 'पेगनांचं मत' होऊन बसतं. दोघे असले की कुठेतरी एकमेकांना अडवतात, आणि काम तिथेच होतं. दोन गटांच्या भेटीने पूर्वग्रह कमी व्हावा यासाठी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या अटी आजही धरून ठेवण्यासारख्या आहेत: दोन्ही बाजूंचा दर्जा समान, उद्दिष्ट एक, सहकार्य, आणि संस्थेचा पाठिंबा. व्यवहारात याचा अर्थ असा की पाहुण्यांना व्यासपीठावर एकटं बसवू नका, गटासोबत गोलात बसवा, संस्थेतल्या वरिष्ठाने स्वागताला यावं, प्रवासखर्च द्यावा.

चिठ्ठ्या दोन दिवस आधी पाहुण्यांकडे पाठवा. नको ते प्रश्न त्यांना गाळू द्या, पण तुम्ही गाळू नका. 'तुम्ही शाप देता का?' हा प्रश्न तुम्हाला उद्धट वाटेल. अनेक पेगन त्याचं उत्तर आनंदाने देतात, आणि दोन पाहुण्यांची उत्तरं वेगळी येण्याची शक्यता दाट असते.

एका बाबतीत कडक राहा. गटात कुणी पेगन आहे का, असं कधीच विचारू नका. अनेक जण नोकरी, शेजार किंवा मुलांचा ताबा यांच्या धास्तीने आपली श्रद्धा उघड करत नाहीत. छायाचित्रं नकोत, पाहुण्यांचं आडनाव सूचनाफलकावर नको; ते स्वतः हो म्हणाले तर गोष्ट वेगळी. वेळेची वाटणी: वस्तूंना २५ मिनिटं, पाहुण्यांना ५०, आणि शेवटी १५ मिनिटांत प्रत्येकाने पाहुण्याचं म्हणणं तीन वाक्यांत लिहायचं. हे कागद पाहुण्यांना दाखवा आणि चुका त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घ्या.

तिसरं सत्र: अवघड प्रश्न आणि प्रसंग

तीस मिनिटं अवघड प्रश्नांना. दोन हमखास येतात.

पहिला सैतानाचा. सैतान ही ज्यू, ख्रिस्ती आणि इस्लामी परंपरांतली कल्पना; विक्काच्या देवमंडळात तिला जागा नाही. आधुनिक सैतानवाद ही वेगळी चळवळ आहे, अँटन लाव्हे यांचं 'चर्च ऑफ सेटन' १९६६ चं. इथे एक चूक फार सहज होते: पेगनांची बाजू घेताना सैतानवाद्यांना बळी देणं. 'हे चांगले, ते वाईट' असं म्हटलंत तर जी सवय मोडायची तिलाच खतपाणी घातलंत. आरोपांचे परिणाम दाखवायचे तर कॅलिफोर्नियातला मॅकमार्टिन बालवाडीचा खटला घ्या. १९८३ मध्ये मुलांच्या लैंगिक छळाच्या आरोपांनी सुरू झालेल्या त्या प्रकरणात सैतानी विधींच्या कहाण्या रंगल्या, वर्षानुवर्षं खटला चालला आणि १९९० पर्यंत एकही दोष सिद्ध झाला नाही.

दुसरा प्रश्न वंशवादाचा. नॉर्स चिन्हं नाझींनी वापरली, आजही काही गट वापरतात, आणि हीदनांमध्ये वंशाच्या आधारे दार बंद करणारे गट खरोखर आहेत. हे झाकू नका. त्याचबरोबर २०१६ मध्ये अनेक देशांतल्या हीदन संघटनांनी 'डिक्लरेशन १२७' काढून अशा भेदभावाशी संबंध तोडल्याचं जाहीर केलं, तेही सांगा. सहिष्णुता म्हणजे वंशवादालाही मान देणं नव्हे. लॉकेटवर हातोडा दिसला म्हणून माणसाला वंशवादी ठरवणं हीही सहिष्णुता नव्हे.

मग ४५ मिनिटं प्रसंग. पाच-पाच जणांचे गट, प्रत्येकाला एक प्रसंग, वीस मिनिटांत लेखी निर्णय, बाकीचा वेळ चर्चा. प्रसंग खरे घ्या:

अमेरिकेच्या सैनिकी दफनभूमीतल्या स्मृतिशिळांवर कोणती धर्मचिन्हं चालतील याची सरकारी यादी असते. २००५ मध्ये अफगाणिस्तानात मारल्या गेलेल्या एका विक्कन सैनिकाच्या शिळेवर विक्काचं चिन्ह असलेला पाच टोकांचा तारा कोरू द्यायला आधी नकार मिळाला. तुम्ही अधिकारी असता तर? (न्यायालयात धाव घेतल्यावर तडजोड झाली आणि २००७ मध्ये हा तारा यादीत आला.)

तुरुंगातला विक्कन कैदी विधीसाठी झगा, मेणबत्त्या, धूप मागतो. (डेटमर विरुद्ध लँडन, १९८६: न्यायालयाने विक्का हा धर्म आहे हे मान्य केलं, पण सुरक्षेच्या कारणाने वस्तू नाकारण्याचा तुरुंगाचा निर्णय कायम ठेवला.)

रोमुवाला राज्याची मान्यता द्यावी का? (लिथुएनियाच्या संसदेने २०१९ मध्ये नाकारली, युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०२१ मध्ये हा भेदभाव ठरवला.)

कंसातला भाग गटाचा निर्णय लिहून झाल्यावरच वाचून दाखवा. डेटमरचा प्रसंग अजिबात सोडू नका. 'धर्म म्हणून मान्यता' आणि 'मागितलेली प्रत्येक सवलत' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याच्याइतकं स्वच्छ दुसरं उदाहरण दाखवत नाही.

निर्णय तपासायला अदलाबदल वापरा: वाक्यातलं धर्माचं नाव काढून तिथे दुसऱ्या धर्माचं घाला आणि निर्णय तोच राहतो का बघा. राहत नसेल तर फरकाचं कारण लिहायला लावा. कारण वस्तूशी, जागेशी किंवा सुरक्षेशी जोडलेलं असेल तर ते टिकू शकतं. 'तो काही खरा धर्म नाही' एवढंच असेल तर टिकत नाही. चर्चा 'शेवटी सगळे धर्म एकच' या वळणावर आली की ती तिथेच अडवा. ज्याला सगळं एकच वाटतं त्याला सहन करण्यासारखं काही उरतच नाही, आणि पाहुण्यांपैकी कुणालाही ते वाक्य मान्य झालं नसतं.

मोजमाप

शेवटच्या १५ मिनिटांत तीच आठ विधानं पुन्हा, त्याच चार अंकी खुणेसह. शेजारी एक उघडा प्रश्न: 'एका परंपरेचं पाच वाक्यांत वर्णन करा.' पाच वाक्यांत 'काही' आणि 'बरेच' किती वेळा आले ते मोजा. गट सरावाला लागला की नाही ते तिथे दिसतं. आधीच्या चुकीच्या उत्तराचं 'माहीत नाही' झालं तरी ती प्रगतीच धरा. 'पेगन आता आवडतात का' हे विचारू नका. लोक शिकवणाऱ्याला खूश करणारं उत्तर देतात.

गट वीस-पंचवीस जणांचा असल्याने टक्केवारी काढू नका, नुसते आकडे द्या: चौथं विधान आधी किती जणांनी बरोबर मानलं, नंतर किती जणांनी. सहा आठवड्यांनी हीच प्रश्नावली आणि एक नवा प्रसंग पुन्हा पाठवा. तारखा आणि आकडे तोवर बरेचसे गळालेले असतील, त्याची चिंता नको. नव्या प्रसंगात किती जणांनी आपणहून अदलाबदल करून पाहिली ते मोजा, आणि ही संख्या कमी असेल तर पुढच्या खेपेला वस्तूंच्या वेळातली दहा मिनिटं प्रसंगांकडे वळवा.